उपचार शिकावा परळला, करावा आपल्या ओसरीवर



मूल चार महिन्यांचे झाले तरी मान धरत नाही. नऊ महिन्यांचे झाले तरी आधाराशिवाय बसत नाही. वर्षाचे झाले तरी नावाने हाक मारल्यावर वळून पाहत नाही, दीड वर्ष उलटले तरी पाऊल टाकत नाही. अशा वेळी घरची वडीलधारी मंडळी काय म्हणतात, ते आपणा सर्वांना ठाऊक आहे. "याचा बापही उशिराच चालला होता," असे आजी म्हणते. "मुलगा आहे, बोलेल सावकाश," असे शेजारीण म्हणते. कोणी अंगारा आणून देतो, कोणी गंडा बांधतो. असे करता करता दोन सुगी निघून जातात. मग तालुक्याचा डॉक्टर, जिल्ह्याचा डॉक्टर आणि शेवटी मुंबईची चिठ्ठी.

ही चिठ्ठी बहुधा परळची असते. तेथे लहान मुलांसाठी १९२९ साली सुरू झालेले बाई जेरबाई वाडिया रुग्णालय आहे आणि त्याच रस्त्यावर मुंबई महानगरपालिकेचे, १९२६ पासूनचे के. ई. एम. रुग्णालय आहे. लालबाग, परळ, गिरगाव ही नावे आपल्या घरांना परकी नाहीत. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडच्या किती घरांतला चुलता नाहीतर मामा गिरणीत होता! गिरण्या गेल्या, तरी कोणाची ना कोणाची खोली तेथे असतेच. त्या खोलीवर दोन रात्री काढून आई-बाप मुलाला रुग्णालयात नेतात.

तेथे ते काय पाहतात? तज्ज्ञ बाई मुलाला झोक्यावर बसवतात, मोठ्या चेंडूवर पालथे घालून हळूहळू डोलवतात, धान्याच्या टोपल्यात हात घालायला लावतात, खरखरीत आणि मऊ कापड तळहाताला लावतात. अर्धा-पाऊण तास हे चालते. मग बाई सांगतात, "हेच रोज घरी करायचे." आईच्या पोटात गोळा येतो. हे झोके, हे चेंडू, ही रंगीबेरंगी साधने आपण कोठून आणायची? आणि दर आठवड्याला परळला यायचे, तर गुरांचे, रानाचे, धाकट्याचे कोण पाहणार?

माझ्या कार्यक्षेत्रातील एका घरी मी ठिबकची पाहणी करायला गेलो होतो. त्या घरात असे एक मूल आहे. बापाने दोन शेळ्या विकून खेळण्यांचा मोठा संच आणला होता. संच कपाटात, प्लॅस्टिकच्या वेष्टनातच होता. "एवढे पैसे घातलेत, घाण होईल म्हणून काढत नाही," असे आईने सांगितले. मूल ओसरीवर भिंतीकडे तोंड करून बसले होते आणि त्याच्या शेजारी आजी भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. ज्या साधनाची त्या मुलाला गरज होती, ते आजीच्या सुपात होते. ते त्याच्या हाती कोणी दिले नव्हते.

मी शेतीचा पदवीधर आहे, डॉक्टर नव्हे. कोणत्या मुलाला कोणता व्यायाम द्यावा, हे तज्ज्ञच सांगतील. पण तज्ज्ञांनी सांगितलेले घरी उतरवायचे कसे, हा प्रश्न आमच्या विस्ताराच्या कामासारखाच आहे. विद्यापीठातले वाण रानात नेताना जे करावे लागते, तेच येथेही करावे लागते.

ही विद्या आली कशी?

या उपचाराला व्यवसायोपचार म्हणतात. येथे व्यवसाय याचा अर्थ धंदा नव्हे. माणूस दिवसभर ज्या कामांत गुंतलेला असतो, ती कामे. जेवणे, कपडे घालणे, शाळेत जाणे ही कामे आली, आणि मुलाच्या बाबतीत सर्वांत मोठे काम म्हणजे खेळणे. कामातूनच अवयवांना आणि मेंदूला वळण लावायचे, ही त्यामागची कल्पना.

भारतात व्यवसायोपचाराचे शिक्षण १९५० साली परळच्या के. ई. एम. रुग्णालयात सुरू झाले आणि ते सुरू करणाऱ्या बाई होत्या कमलाबाई निंबकर. त्या जन्माने अमेरिकन. विष्णुपंत निंबकरांशी विवाह करून त्या येथे आल्या आणि येथल्याच झाल्या. निंबकर हे नाव वाचून आपल्यापैकी पुष्कळांना फलटण आठवले असेल. तेच हे घराणे! फलटणची निंबकर कृषी संशोधन संस्था १९६८ साली स्थापन करणारे, करडई आणि मेंढ्यांवरील कामामुळे शेतकऱ्यांना परिचित असलेले बनबिहारी निंबकर हे त्यांचे चिरंजीव. फलटणची 'कमला निंबकर बालभवन' ही शाळा त्यांच्याच नावाने चालते. मुलाने शेतीची सेवा केली, तर आईने हात-पाय आणि मन अडखळलेल्यांची.

मुंबईतील या कामाचा आणखी एक विशेष सांगण्यासारखा आहे. त्याची सुरुवात पुष्कळदा एखाद्या आईने केली. फातिमा इस्माइल यांच्या लहान मुलीला पोलिओ झाला. ठिकठिकाणी फिरून त्यांनी उपचार समजून घेतला आणि १९४७ साली चौपाटीवर डॉ. बाळिगा यांनी दिलेल्या जागेत पोलिओग्रस्त मुलांसाठी दवाखाना काढला. त्यातूनच पुढे हाजी अलीला अपंग मुलांचे रुग्णालय उभे राहिले. डॉ. मिठू अलूर यांच्या मुलीला सेरेब्रल पाल्सी होती. जन्माच्या आगेमागे मेंदूला इजा होऊन शरीरावरचा ताबा नीट राहत नाही, अशी ही अवस्था. अशा मुलांना शिकवणारी शाळा नव्हती, म्हणून त्यांनी १९७२ साली स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया स्थापन केली. ती मुलगी, मालिनी चिब, पुढे खूप शिकली आणि तिने आपले आत्मचरित्र लिहिले. एका बोटाने टंकलेखन करते म्हणून त्याचे नावच 'वन लिटल फिंगर', म्हणजे एक छोटेसे बोट.

या मातांपाशी आधी साधने नव्हती. आधी मुलाची गरज ओळखली गेली, साधने मागाहून आली. हा क्रम आपणही लक्षात ठेवावा.

खेळातून काय घडते?

डोळे, कान, नाक, जीभ आणि त्वचा ही पाच ज्ञानेंद्रिये आपण जाणतो. आणखी दोन जाणिवा आहेत. एक तोलाची, ती कानाच्या आतल्या भागात असते. दुसरी सांधे व स्नायूंची. डोळे मिटूनही आपला हात कोठे आहे हे आपल्याला कळते ते तिच्यामुळे. अमेरिकेतील जीन एअर्स या व्यवसायोपचार तज्ज्ञ बाईंनी १९७२ सालच्या आपल्या ग्रंथात या जाणिवांचा आणि मुलांच्या शिकण्याचा संबंध सविस्तर मांडला.

काही मुलांना स्पर्श किंवा आवाज फार लागतो. पोळ्याचा ढोल वाजला की ती कान झाकून किंचाळतात, वाळूत पाय ठेवत नाहीत. काहींना फारच कमी जाणवते. ती सारखी आदळआपट करतात, गरगर फिरतात. पहिल्या मुलाला हळूहळू सवय लावायची असते, दुसऱ्याला भरपूर पण शिस्तीत द्यायचे असते. म्हणून एका मुलाची खेळाची यादी दुसऱ्याला लागू पडत नाही. काळ्या रानाला आणि मुरमाड रानाला पाण्याची पाळी सारखी देऊन चालते काय?

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. अशा खेळांनी सेरेब्रल पाल्सी किंवा स्वमग्नता नाहीशी होत नाही. संवेदनांच्या उपचारांविषयीचे संशोधन अजून मर्यादित आहे, असे अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ साली म्हटले होते. म्हणून "आमच्या साधनाने मूल हमखास बरे होईल" असे सांगून कोणी पैसे मागत असेल, तर दूर राहावे. मूल आपल्या हाताने घास घेऊ लागले, गुंडी लावू लागले, दहा मिनिटे एका जागी बसू लागले, हे या उपचाराचे पीक. ते लहान नाही.

घरातलीच साधने

१. धान्याची परात : परातीत चार बोटे ज्वारी किंवा तांदूळ घ्यावा. त्यात चमचा, वाटी, मोठे लाकडी खेळणे लपवावे आणि मुलाला शोधू द्यावे. मापट्याने भरणे, ओतणे यातून मनगट वळते. मूल सर्व काही तोंडात घालत असेल, तर धान्याऐवजी मऊ भात किंवा मळलेली कणीक द्यावी.

२. कणीक आणि माती : स्वयंपाकाच्या वेळी कणकेचा एक गोळा मुलाचा असावा. दाबणे, लाटणे, चिमटणे यांनी बोटांत जोर येतो. पोळ्याला मातीचे बैल आपण करतोच. ते वर्षातून एकदाच का करावेत?

३. स्पर्शाची गाठोडी : घोंगडीचा तुकडा, गोणपाट, आजीच्या जुन्या लुगड्याचे मऊ कापड, कापूस, वाळलेल्या घोसाळ्याची जाळी, काथ्या. प्रत्येकाचे दोन-दोन तुकडे ठेवावेत आणि जोड्या लावायला सांगावे. मुलाला जे सोसते त्यापासून सुरुवात करावी. हात धरून बळेच घासू नये.

४. झोका : सावकाश, एका लयीत दिलेल्या झोक्याने बहुतेक मुले शांत होतात. जोराने किंवा गरगर फिरवल्यास ती उत्तेजित होतात. झोका जमिनीपासून मुलाच्या गुडघ्याइतकाच उंच असावा. दोर आणि वासा रोज तपासावा, खाली गोधडी असावी. ज्या मुलाला आकडी येते, त्याला डॉक्टरांना विचारल्याशिवाय झोका देऊ नये.

५. ओझ्याची कामे : लहान कळशीत थोडे पाणी आणणे, छोटी पिशवी आतल्या खोलीत नेणे, रिकामी पाटी ओढणे. अशा कामांनी सांध्यांना जाणीव मिळते आणि चंचल मूल स्थिरावते. किती वजन चालेल ते तज्ज्ञांना विचारावे. घोंगडीत गुंडाळायचे असेल तर तोंड-मान मोकळी ठेवावी, मुलाला सुटता आले पाहिजे, आणि झोपेत अंगावर जड पांघरूण मुळीच घालू नये.

६. शेंगा, चिमटे आणि फुले : शेंगा सोलणे, कपडे वाळत घालायचे चिमटे दोरीला लावणे, जाड दोऱ्यात मोठे मणी ओवणे. जी दोन बोटे चिमटा उघडतात, तीच उद्या पेन्सिल धरतात.

७. वास आणि आवाज : ओवा, कोथिंबीर, हिंग, वेलदोडा वेगवेगळ्या डब्यांत ठेवून ओळखायला लावावे. लालबागच्या मसाल्याच्या दुकानांपुढून जाताना मोठ्या माणसालाही शिंक येते, तेव्हा मिरचीपूड मात्र या खेळात नको. घुंगरू किंवा टाळ आधी दूर वाजवावा, मग जवळ आणावा.

८. बैठक : ज्याचा तोल राहत नाही, अशा मुलासाठी भिंतीचा कोपरा हीच पहिली खुर्ची. दोन्ही भिंतींचा पाठीला आधार मिळतो. गोधडीची घट्ट गुंडाळी करून तिच्यावर छाती टेकवून पालथे घातल्यास मान उचलण्याचा सराव होतो. उंची आणि कोन तज्ज्ञांकडून ठरवून घ्यावा. चुकीच्या बैठकीने पाठ वाकडी होऊ शकते.

अशी साधने करणारे आपण एकटे नाही. मेक्सिकोतील एका डोंगरी खेड्यात अपंग मंडळींनीच चालवलेल्या केंद्रात लाकूड, पुठ्ठा, जुने टायर यांपासून खुर्च्या आणि खेळणी तयार होत. त्या अनुभवावर डेव्हिड वर्नर यांनी १९८७ साली लिहिलेला ग्रंथ जगभर वापरला गेला. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी व कोसबाडच्या बालवाड्यांत बिया, शिंपले, खडे आणि पाने यांतूनच शिक्षणाची साधने उभी केली. महागडी परदेशी साधने खेड्यात परवडणार नाहीत, हे त्यांनी तेव्हाच ओळखले होते.

शेतकऱ्याच्या घरातील विशेष धोके

शहरातील पुस्तकात हा भाग सापडणार नाही, म्हणून मी तो मुद्दाम सांगतो.

पेरणीसाठी आणलेले बियाणे खेळायला कधीही देऊ नये. त्याला बुरशीनाशक व कीटकनाशक चोळलेले असते. लाल, निळ्या रंगामुळे मुलाला तेच सर्वांत आवडते, आणि तेच विष असते. खेळासाठी खाण्याचे धान्यच घ्यावे.

एरंडाच्या बिया, गुंजा आणि धोतऱ्याच्या बिया दिसायला सुरेख, पण अत्यंत विषारी. खुळखुळ्यातसुद्धा भरू नयेत, खुळखुळा फुटतो.

औषधाच्या रिकाम्या बाटल्या, झाकणे, मापे कितीही धुतली तरी खेळणी होत नाहीत. खताच्या गोणीचा झोकाही करू नये.

हरभरा, वाटाणा, शेंगदाणा लहान मूल नाकात घालते किंवा ते घशात अडकतात. शेंगा सोलताना मोठे माणूस शेजारी असलेच पाहिजे. सोललेले दाणे लगेच वरच्या डब्यात टाकावेत.

पाण्यात टाकल्यावर फुगणारे रंगीत मणी बाजारात मिळतात. जमिनीत ओलावा धरून ठेवण्यासाठी आपण जे हायड्रोजेल वापरतो, त्याच जातीचे ते असतात. मुलाने गिळले तर पोटात फुगून आतडे बंद होते. असले मणी घरात आणू नयेत.

विकत घ्यायचेच तर

दादरला किंवा गिरगावात गेल्यावर मुलासाठी काही घ्यावेसे वाटणारच. एक मोठा मजबूत चेंडू, साबणाच्या पाण्याचे फुगे आणि आवाज करणारे एखादे खेळणे एवढ्यावर पुष्कळ दिवस निघतात. १ जानेवारी २०२१ पासून कारखान्यात तयार झालेल्या खेळण्यांवर आय. एस. आय. चे चिन्ह असणे सक्तीचे आहे. ते पाहून घ्यावे. नोंदणीकृत हस्तकारागिरांना त्यातून सूट आहे. सावंतवाडीची लाकडी फळे आणि भातुकली पकडायला छान, पण मूल चावत असेल तर रंगाची चौकशी करावी. बटणासारखा चपटा सेल किंवा सुटे लोहचुंबक असलेले खेळणे टाळावे. ते गिळले गेले तर तासाभराचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे लागते.

किती वेळ आणि कसे?

आठवड्यातून एकदा रान तुडुंब भरण्यापेक्षा ठिबकने रोज थोडे पाणी देण्याचा फायदा आपण जाणता. येथेही तसेच. सकाळी दहा-पंधरा मिनिटे आणि संध्याकाळी तितकीच, पण रोज. मूल पोटभर, झोप झालेले आणि आनंदात असताना खेळ घ्यावा. एका वेळी एकच वस्तू पुढे ठेवावी. मूल रडले, तोंड फिरवले, कान झाकले, तर थांबावे. करून दाखवावे, मग थांबून वाट पाहावी. आपण घाईने त्याचे काम करून टाकतो आणि त्याच्या हातची संधी घालवतो.

आणि हे सारे एकट्या आईवर टाकू नये. "तुझ्याच पोटचे असे कसे?" हे शब्द कोणत्याही घरात उच्चारले जाऊ नयेत. मुलाच्या या अवस्थेला आईचा दोष कारण नसतो. झोका बापाने द्यावा, शेंगा आजीने घ्याव्यात, चेंडू भावंडांनी खेळावा. घरात चार माणसे आहेत, हे आपले भांडवल. शहरातल्या खोलीत ते नसते.

परळला जाल तेव्हा

एका फेरीत जास्तीत जास्त शिकून यावे. जन्माच्या वेळचा कागद, लसीकरणाचे कार्ड आणि पूर्वीच्या तपासण्या एका पिशवीत घ्याव्यात. मुलाजवळ दिवसभर जी व्यक्ती राहते, तिला बरोबर न्यावे. ओसरी, पडवी, मुलाची बसण्याची जागा यांचे फोटो मोबाइलमध्ये घ्यावेत आणि घरच्या दोन-चार वस्तूही न्याव्यात. तज्ज्ञांना विचारावे : यातले कोणते साधन चालेल? रोज किती वेळ? कोणती गोष्ट मुळीच करू नये? कोणते लक्षण दिसले तर थांबावे? पुढच्या भेटीपर्यंत कोणता फरक दिसावा? व्यायाम तज्ज्ञांसमोर स्वतः करून दाखवावा आणि त्यांच्या परवानगीने चित्रीकरण करून घ्यावे.

मात्र प्रत्येक वेळी मुंबईच गाठावी लागते, असे नाही. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात आरोग्य पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत येते. त्या दिवशी मुलाला लपवू नये. हे पथक मुलाला जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवते. तपासणीस पैसे पडत नाहीत. २०१६ च्या कायद्याने २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांना मान्यता दिली आहे. प्रमाणपत्र आणि ओळखपत्र काढून घ्यावे. सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, बौद्धिक किंवा बहुविध दिव्यांगत्व असलेल्यांसाठी केंद्राची 'निरामय' ही १ लाख रुपयांपर्यंतची आरोग्य विमा योजना आहे. तिची चौकशी जिल्ह्याच्या ठिकाणी करावी.

बंधू-भगिनींनो, मुलाची पहिली वर्षे म्हणजे वापसा. तो असेतोवर केलेली मेहनत फळते. उशीर झाला असेल तरीही काम सोडू नये; मेंदू पुढेही शिकतच राहतो, फक्त कष्ट अधिक लागतात. आज संध्याकाळी कामे आटोपल्यावर परातीत दोन मूठ ज्वारी घ्या, मुलाला मांडीवर बसवा आणि त्याचा हात धान्यात जाऊ द्या. तो काय करतो ते पाहा आणि वहीत लिहून ठेवा. तज्ज्ञांना दाखवायला तीच वही उपयोगी पडेल.